फ्रेमकाकांची नवी गाणी

काच अर्धी कापून झाली आणि फ्रेमकाकांचा हात थांबला. दुकानाच्या फोनवर कोणी बाई गात होती. आवाज घोगरा, नुकतीच झोपेतून उठल्यासारखा, आणि साथीला नुसत्या टाळ्या. हे गाणं कालपर्यंत नव्हतं.

त्यांनी बायकोला विचारलं, हे कुठून आलं. ती मागच्या टेबलावर पुठ्ठा कापत होती. मान वर न करता म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? नको असेल तर बंद करा."

काकांनी बंद केलं नाही. गाणं संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावलं.

फोटोंना चौकटी करून देण्याचा धंदा, म्हणून सगळी गल्ली त्यांना फ्रेमकाका म्हणायची. गाण्याचं वेड जुनंच, पण तरुणपणी जी ऐकली तीच गाणी. त्यानंतर गाणं म्हणून जगात काही झालंच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. प्रत्येक फ्रेमबरोबर ते हे मत फुकट द्यायचे. बायकोला गाण्याचा कान नाही, हेही त्यांनी लग्नानंतर लगेच ठरवून टाकलं होतं. तिने कधी वाद घातला नव्हता.

फोनवरचं गाण्यांचं खातं मुलाने उघडून दिलेलं. खातं एकच, फोन दोन: एक दुकानाचा, एक मुलाचा. इथे जपून ठेवलेलं गाणं तिथे दिसायचं आणि तिथलं इथे. पण मग मुलाने दुकान सोडून दूरच्या शहरात कार्यक्रमांचे माइक आणि स्पीकर लावायची नोकरी धरली. "जा, वायरी ओढ," काका म्हणाले. मुलगाही बापाच्याच वळणाचा. बॅग उचलली आणि गेला. तेव्हापासून बापलेकांत अबोला. मुलगा फोनवर आईशी बोलायचा, आणि तेवढ्या वेळात काकांना नेमकी तिच्याजवळचीच काच पुसायला निघायची.

चार दिवसांनी आणखी एक नवं गाणं आलं. तिघे भाऊ पत्र्याचे डबे बडवत होते, आणि तरी त्यात असा काही ताल होता की काकांनी खिळे त्याच ठेक्यावर ठोकले. मग एक म्हातारा आला, गाताना मध्येच हसणारा. काकांना वाटलं, यंत्रच काहीबाही सुचवत असेल. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने फोन उलटसुलट पाहिला. यंत्राने सुचवलेली गाणी वेगळीकडे असतात, तो म्हणाला. ही कोणीतरी स्वतः शोधून जपलेली आहेत.

काकांना फोनवर चालू आणि बंद एवढंच यायचं. मग उरला कोण?

त्या दिवशी जेवताना दोन घास जास्त गेले.

तेव्हापासून सकाळी शटर वर गेलं की काका आधी फोन बघायचे आणि मग केरसुणीला हात लावायचे. नवं गाणं असलं की दिवस सोन्याचा. एका गिऱ्हाइकाला तर त्यांनी पूर्ण गाणं ऐकल्याशिवाय त्याच्या साखरपुड्याचा फोटोच दिला नाही. "आजकालची पोरं बरं गातात हो," ते म्हणाले, आणि हे आपण बोललो म्हणून स्वतःच चपापले.

दुपारी जेवण झालं की ते आतल्या बाकावर डुलकी काढायचे आणि बायको पुढे बसायची. तिचं मोठं कठीण. एकेका गिऱ्हाइकाशी, त्यातही कानात गाण्याची बोंडं घालून येणाऱ्या कॉलेजच्या मुलींशी, तिच्या गप्पा संपायच्याच नाहीत. काका उठून बघतात तर काम तिथल्या तिथे.

एकदा लागोपाठ दोन गाणी आली, ती फार उदास होती. काकांचं कामात मन लागेना. शेवटी न राहवून त्यांनी बायकोला विचारलं, "तो बरा आहे ना?"

कोण, असं तिने विचारलं नाही. "थकलाय जरा," ती म्हणाली. "काम फार आहे. एकटं वाटतं म्हणत होता."

काका बराच वेळ एकच काच पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी एक नाचरं गाणं आलं आणि त्यांच्या जिवात जीव आला. पोरगं सावरलं, त्यांना वाटलं. संध्याकाळी शटर ओढता ओढता ते म्हणाले, "त्याला म्हणावं, येऊन जा."

मुलगा आला तो दुपारीच, थेट दुकानात. वाळला होता. बापाच्या पाया पडला, आणि काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तो काढलाच नाही. फोनवर पत्र्याचे डबेवाले भाऊ चालू होते.

मुलाने फोनकडे बोट दाखवलं. "बाबा, एक विचारू? हे सगळे तुम्हाला सापडतात तरी कुठे? माझं कामच गाणाऱ्यांमध्ये, पण यातले निम्मे आमच्याकडे कोणाला माहीत नाहीत."

काकांना वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. "मला? अरे, तू टाकतोस म्हणून तर मी रोज ऐकतो."

"मी तर गेल्यापासून एकही गाणं टाकलेलं नाही." "मला वाटलं, तुम्ही बोलत नाही, पण गाणी पाठवताय. त्या जोरावर तर तिथे टिकलो."

काकांनी फोनवरचं गाणं बंद केलं.

मागच्या टेबलाशी पुठ्ठा कापण्याचा आवाज थांबला. हात पदराला पुसत ती पुढे आली आणि दोघांच्या मधून तिने फोन उचलला.

"सरका जरा," ती म्हणाली. "आजचं टाकायचं राहिलंय."