भुवईचा केस

गेल्या वर्षी पीएचडीच्या मुलाखतीत प्राध्यापक म्हणाले, "तुझं संशोधन सोप्या शब्दांत सांग," आणि तिची बोबडी वळली. जागा हातची गेली. यंदा पुन्हा बोलावणं आलं, तेव्हा सलून बंद करून घरी आलेल्या बाबांना ती रोज समोर बसवू लागली.

"प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात, बाबा. पण कुठे कुठली जागी आणि कुठली झोपलेली, ते मी संगणकावर शोधते."

"नाही बुवा कळलं. परत सांग."

आठवडाभर हेच चाललं. शेवटी ती वैतागली. "जन्मभर लोकांची डोकी हातात धरलीत, तुमच्या डोक्यात मात्र काही म्हणजे काही शिरत नाही!"

"खरंय, बाई. पण एकदा सांगच."

मुलाखतीत ती घडाघडा बोलली. निवड झाल्याचं कळताच धावत सलूनमध्ये गेली, आणि दारातच थांबली. बाबा एका गिऱ्हाइकाच्या भुवया कातरत होते.

"लेक नेमकं काय शिकते तुमची?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"असं बघा, डोक्यावरचा केस वाढतच जातो, भुवईचा ठरल्या मापाला थांबतो. दोन्हीकडच्या पेशींत पोथी एकच, पण उघडलेली पानं वेगळी. कुठे कुठलं पान उघडलंय, ते आमची पोरगी संगणकावर वाचते."

"वा! आणि हे तुम्हाला समजलं कधी?"

"पहिल्याच दिवशी. पण तेव्हा ती घाबरत सांगत होती."