पहिल्या दिवशीची खुर्ची

"पंखेवालं विमान," मोबाइलवरची बातमी वाचून चष्मेवाल्याने गच्चीवर चक्क एक गिरकी घेतली. साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा, तरी घेतली.

चहाचा ट्रे घेऊन जिना चढणारी त्याची बायको शेवटच्या पायरीवरच थबकली. लेकीच्या गावाला विमान सुरू होणार हे तिला महिनाभर ठाऊक होतं. कुठलं विमान येणार यावरून गच्चीवर जमणाऱ्या या तिघा विमानवेड्यांनी महिनाभर तिचं डोकं खाल्लं होतं. शेजारचे दातांचे डॉक्टर म्हणत होते, लहान जेट. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या ताई म्हणत होत्या, मोठं जेट, पण दिवसाआड. आणि चष्मेवाला, लेकीच्या गावाला कुणी 'लहानसं' म्हटलं तरी ज्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, तो या वेळी मनावर दगड ठेवून म्हणाला होता, "पंखेवालंच येणार. धावपट्टी आखूड, अंतर तासाभराचं. जेट परवडायचं नाही त्यांना."

आता गच्चीचा नियम असा होता, की नवा मार्ग जाहीर झाला की कंपनीने सांगायच्या आत प्रत्येकाने आपापलं विमान सांगून टाकायचं. ज्याचं बरोबर येईल, त्याला पहिल्या उड्डाणाच्या दिवशी कठड्याजवळची खुर्ची. तिथून इथल्या विमानतळाच्या धावपट्टीचं टोक असं दिसे, की चाकं जमीन सोडतात ती अगदी डोळ्यांसमोर. बाकीच्यांनी मागे उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. इतक्या वर्षांत ती खुर्ची चष्मेवाल्याला एकदाही मिळाली नव्हती, कारण तो दर वेळी येणारं विमान न सांगता आवडणारं सांगायचा. गच्ची त्याची, खुर्ची त्याच्या घरची, आणि बसायचे डॉक्टर.

"हरलो बुवा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. ताईंनी पिशवीतून केक काढला. कुणीही जिंकलं तरी चालेल म्हणून त्यांनी तो आधीच आणून ठेवला होता. तिघंही लहान मुलांसारखी खूश होती, आणि ते बघून तिलाही हसू आलं. तिने ट्रे खाली ठेवला.

"मग शनिवारची तिकिटं काढली का?"

"कसली?"

"विमानाची. पहिल्याच विमानाने जायचं म्हणाला होतात ना?"

चष्मेवाला केककडे बघू लागला. बसने जायचं म्हणजे अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस, हाडं खिळखिळी. वर्षातून कसंबसं दोनदा जाणं व्हायचं, आणि दर वेळी पहिला दिवस नातीची भीड चेपण्यातच जायचा. आता सकाळचा चहा इथे आणि जेवण लेकीकडे, या एका विचाराने तिचे पाय महिनाभर जमिनीला लागत नव्हते. बॅगसुद्धा भरून ठेवली होती तिने.

"पुढच्या शनिवारी जाऊ की," तो म्हणाला. "विमान तेच असतं."

"आणि या शनिवारी काय आहे?"

"वहिनी, त्याचं असं आहे," दात काढावाच लागेल हे ज्या सुरात सांगायचे त्याच सुरात डॉक्टर म्हणाले, "विमानात बसलं की विमान दिसत नाही."

"पहिलं उड्डाण एकदाच होतं गं," चष्मेवाला म्हणाला. "आत बसून दिसणार काय? पुढच्या सीटची पाठ."

"आणि नात?"

"ती कुठे पळून चाललीय?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. ताई हळूच म्हणाल्या, "जागा आहेत अजून, मी आत्ताच बघितलं." पण चष्मेवाल्याचा हात त्या खुर्चीच्या पाठीवर होता आणि तो काही निघत नव्हता.

तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. तिने लेकीला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा. माझ्याने नाही सांगवणार."

फोन नातीनेच उचलला. "आबा, शनिवारी विमान येणार ना? आई म्हणाली, कुंपणापाशी जाऊन हात करायचा."

"येणार तर. दोन पंखे आहेत त्याला, एकेक केवढा मोठा." चष्मेवाला खुलला, मग जरा अडखळला. "आम्ही मात्र पुढच्या शनिवारी येणार हं, बाळा."

"म्हणजे ते रिकामं येणार?"

"रिकामं कशाला? चांगली सत्तर माणसं बसतात त्यात."

"हो, पण त्यात आहे कोण?"

चष्मेवाल्याने तोंड उघडलं. पंख्याला पाती किती, इंधन कुठे भरतात, चाकं कुठे मिटतात, सगळं त्याच्या जिभेवर होतं. पण नातीने ते विचारलंच नव्हतं.

"आबा?"

"आजी आहे," तो म्हणाला. त्याने खुर्चीवरचा हात काढला. "आणि मी."

ताईंनी लगेच तिकिटं काढायला घेतली.

"कुठल्या खिडकीत?" नातीने विचारलं.

"डावीकडे," डॉक्टर म्हणाले. "छे, डावीकडे ऊन येणार," ताई म्हणाल्या. "पंखाच्या मागची, म्हणजे चाकंसुद्धा दिसतील," चष्मेवाला म्हणाला, आणि तिघं एकाच वेळी बोलू लागली. कोण काय म्हणतंय ते कळेना, म्हणून तिने मोबाइल त्याच्या हातातून काढून घेतला.

"तू कुठल्या बाजूला उभी राहणार आहेस, ते सांग," ती नातीला म्हणाली. "आम्ही त्या बाजूला बसतो."