पुलाच्या अलीकडे

पुलाच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवली. पलीकडे बंदरात संशोधनाचं जहाज उभं होतं, बरोबर बाराला सुटणार होतं. देवमाशांच्या मागावर सहा महिने! निवड झाल्याचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं आणि घरी कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

पण डॅशबोर्डखाली ती डबी होती.

बाबा समुद्री कासवांच्या पाठीवर असल्या डब्या चिकटवायचे. कासव कुठं पोचलं ते मग ऑफिसातल्या पडद्यावर दिसायचं. लेकीला लायसन्स मिळालं त्याच दिवशी त्यांनी एक डबी काळ्या टेपनं गुंडाळून तिच्या गाडीत बसवली.

"नजर आहे म्हटलं की तरुण पोरं गाडी नीट चालवतात. संशोधन आहे," ते म्हणाले होते. "आणि पुलापलीकडे जायचं नाही."

दोन वर्षं झाली त्याला. रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "आज कुठं कुठं?" आणि ती वाटेतल्या चहासकट सगळं पोपटासारखं सांगून टाकायची. पडद्यावर दिसतंच आहे, तर लपवून काय उपयोग?

आता पूल ओलांडला की पाच मिनिटांत बाबांचा फोन, दहा मिनिटांत बाबा स्वतः बंदरावर. गाडी इथंच सोडून टॅक्सीनं जावं? तर इथं ताटकळलेली गाडीही त्यांना दिसणारच.

पावणेबाराला तिनं गाडी वळवली आणि मुकाट्यानं बाबांच्या प्रयोगशाळेत आली.

बाबा मीटिंगला गेले होते. त्यांचे मदतनीस काका दोन कासवं घेऊन बसले होते.

"बरी आलीस, चिमे. दोघींना आजच सोडायचंय आणि डबी एकच. तुझ्या गाडीतली दे काढून. बाबांना मी सांगतो."

बोलता बोलता काकांनी हातातल्या डबीवरचा लोहचुंबक उपटला. "हा काढला की डबी जागी होते. तोवर नुसता कुंभकर्ण."

ती गाडीपाशी गेली तेव्हा बंदरावरून भोंगा ऐकू आला. लांबलचक, तीनदा. तिचे डोळे भरून आले. गेलं जहाज.

मग तिनं वाकून डबी ओढून काढली आणि दोन वर्षांची टेप सोलली.

लोहचुंबक जागच्या जागी होता.