अर्धं शहर

रुग्णवाहिकेसाठी फोन आला की अर्धवट पत्त्याशी जुळणारी घरं शोधायला आमचा डेटाबेस चाळीस सेकंद घ्यायचा. फोन घेणाऱ्या ताईंनी स्टॉपवॉचच माझ्या टेबलावर आणून ठेवलं. साहेब म्हणाले, “मोठं मशीन मागवू.” “मशीनचा दोष नाही,” मी म्हटलं. “पत्ते जुळवायचा कोड तुम्ही लिहिलात, पण किती घरं जुळतील याचा अंदाज देणारं फंक्शन लिहिलंच नाहीत. म्हणून डेटाबेस अर्धं शहर जुळेल असं धरतो आणि इंडेक्स, म्हणजे तयार सूची, सोडून एकेक घर पालथं घालतो.” “आठ वर्षं चाललंय. हात लावायचा नाही.” “सकाळीच लावला.” तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी पत्ता टाकला, मी स्टॉपवॉच दाबलं, पण काटा हलायच्या आत घर सापडलं. “परवानगीशिवाय केलंत. लेखी खुलासा द्या,” साहेब म्हणाले. “देते.” मी स्टॉपवॉच त्यांच्यापुढे सरकवलं. “आधी तुमचा आठ वर्षांचा येऊ दे.”