रेंजचं वळण

वळणाच्या आधी गाडीतला आवाज म्हणाला, "ताई, हॉर्न द्या. समोरची गाडी दिसत नाही इथे." वैजयंताने निमूटपणे हॉर्न दिला.

आवाज तिच्या वडिलांचा, अण्णांचा होता. जीपवाल्या धोंडू गायकरांनी तीस वर्षं पर्यटकांना हा घाट दाखवला. ते गेल्यावर, पर्यटकांनी काढलेल्या जुन्या व्हिडिओंमधून एका कंपनीने हा वाटाड्या घडवला. काही विचारलं की तो अण्णांसारखंच उत्तर देई. संमतीची सही वैजयंताचीच होती. ऐकायला मात्र ती दोन वर्षांनी आज आली होती. गाडी चालवणारी ताई म्हणजे अण्णांचीच लेक आहे, हे त्या यंत्राला कळायचं कारण नव्हतं.

धबधबा झाला, कड्यावरची भैरोबाची घुमटी झाली. मग आवाज म्हणाला, "इथे जरा थांबा. अख्ख्या घाटात रेंज इथेच येते. घाट सुखरूप चढलो की मी इथून लेकीला फोन लावतो."

वैजयंताने गाडी कडेला घेतली. रोज साडेअकराला ऑफिसात तो फोन वाजायचा आणि ती कट करायची. संध्याकाळी करू म्हणायची, आणि संध्याकाळी विसरायची.

"उचलते ती?" तिने विचारलं.

"उचलते ना. पहिल्याच रिंगला," आवाज कौतुकाने म्हणाला. अण्णा जीपमधल्या प्रत्येकाला हेच सांगत आले असणार; यंत्राजवळ दुसरं उत्तरच नव्हतं.

"चला ताई, निघू या. लेकीला कळलंय आपण पोचलो ते."