पालथा माठ

सकाळचे ऊन ताडांच्या शेंड्यांवरून कौलांवर, कौलांवरून अंगणात सावकाश उतरले आणि अच्छाड गावच्या हमरस्त्याकडेच्या माठापाशी येऊन थबकले. वाटसरूंसाठी चैत्याच्या वडिलांनी मांडलेला माठ त्याच्या बायकोने, जिवलीने, आज पालथा घातला होता. गावची फुटलेली जलवाहिनी कालच सांधली होती, पण नळाच्या पाण्याचा तिला अजून भरवसा नव्हता. "बाबाने माठ कधी रिकामा ठेवला नाय," म्हणत चैत्याने तो सुलटा करून नळाच्या पाण्याने भरला. एवढ्यात एका ट्रकवाल्याने ओंजळ पुढे केली. जिवली आडवी आली. "भाऊ, हे नको. चुलीवर उकळलेलं देते, कोमट चालेल?" "माझ्या दारात मलाच खोटा पाडतेस?" चैत्या उसळला. "पाणी चोख्खं आहे." "चोख्खं आहे, तर आधी तू पी." मान ताठ ठेवून त्याने तांब्या ओठांशी नेला. हात तिथेच अडला. पाण्याला गटाराचा वास येत होता. चैत्याला तो कालच आला होता.