पावसाचं माहेर

पाऊस उघडताच सुलोचनाने धाकट्या बहिणीला फोन लावला. "रत्ना, आज आमच्याकडे पडला त्यातलं निम्मं पाणी तुमच्या तलावाचं. मोबाइलवर तुमच्या गावाचं नाव आलंय बघ."

सरपंच रत्नमालाच्या गावात मात्र टिपूसही नव्हता. हवामानाचं नवं मॉडेल प्रत्येक पावसाचं माहेर, म्हणजे त्याची वाफ कुठली ते, मोबाइलवर निरोप धाडून सांगायचं. जुलैचा वारा तिच्या तलावाची वाफ उचलून पूर्वेला, ताईच्या गावावर नेऊन ओतत होता. ताईही सरपंचच. आईच्या पाटल्या ताईला, आईची शाबासकी ताईला, आता पाऊसही.

"पाण्याची वाफ होऊ द्यायची नाही," असं ग्रामसभेत सांगून रत्नमालाने अख्खा तलाव प्लास्टिकच्या तरंगत्या चादरींनी झाकला. ऑगस्टभर ताईचं गाव कोरडं राहिलं. तिकडच्या तलावाने तळ गाठल्याचं कळलं, त्या दिवशी रत्नमाला दोन घास जास्त जेवली.

ऑक्टोबरात वारा फिरला आणि पूर्वेकडून येऊ लागला. गावाचा सगळा शाळू परतीच्या पावसाच्या भरवशावर पेरलेला. ढग आले, पण पिंजलेल्या कापसासारखे कोरडे. तिने मागच्या ऑक्टोबरचे निरोप उघडले. ताईच्या गावाचं नाव दिसलं म्हणून तेव्हा तिने ते वाचलेच नव्हते. प्रत्येक पावसाचं माहेर तेच होतं.

तेवढ्यात ताईचा फोन आला. "रत्ना, आमचा तलाव आटलाय गं. यंदा तुझ्या शाळवाला काही पाठवता येणार नाही."

रत्नमालाने त्या आवाजात टोमणा शोधला. तो सापडला असता तर बरं झालं असतं.